सहा कोंबड्या आणि एक जाणकार

ॲनी डाबरेच्या सहा कोंबड्या एका सकाळी खुराड्यात मरून पडल्या आणि होळी बाजाराजवळच्या त्या वाडीत घटकाभरात साठ जाणकार गोळा झाले.

कुणी म्हणालं, मानमोडी. कुणी म्हणालं, ऊन लागलं. कुणी नजरेवर गेलं. ज्यांनी जन्मात कधी कोंबडी पाळली नव्हती, ते सर्वांत मोठ्यांदा बोलत होते. ॲनी मात्र गप्प होती. भाऊ दुबईला, लग्न केलेलं नाही, घरात बोलायला होत्या त्या या सहा जणी. ती एकेकीचे पाय सरळ करून ठेवत होती.

"विष!" फेबियन परेरा म्हणाला, आणि बाकीचे साठ गप्प झाले.

फेबियन बँकेतून निवृत्त झालेला. ऑफिसात हाताखाली माणसं होती, ती गेली. मग त्यानं कुक्कुटपालनाचं एक दिवसाचं शिबिर केलं आणि दर रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या फाटकाशी गावाचे प्रश्न सोडवायला लागला. कोंबडी खुडूक का बसते? कवच पातळ का येतं? कोंबड्याशिवाय कोंबडी अंडी घालते का? या शेवटच्या प्रश्नाला तो ठणकावून 'नाही' म्हणायचा. गाव मान डोलवायचं. ठासून सांगितलं की गावाला पुरे होतं.

"आणि विष कुणी घातलं, ते मी सांगायला हवं का?" फेबियननं ॲनीच्या मागच्या खोलीकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं.

त्या खोलीत हंसा भाड्यानं राहत होती. सातिवलीत प्लॅस्टिकच्या युनिटमध्ये कामाला, नवऱ्यामागे एकटी. गेल्याच आठवड्यात ती ॲनीच्या कोंबड्याला ओरडली होती, "एक दिवस तुझी मान पिळीन!" क्रुसाच्या सणाच्या कमिटीचा अध्यक्ष प्लासिड डिमेलो लगेच तिच्या खोलीत शिरला आणि उंदराच्या औषधाची पुडी घेऊन बाहेर आला. झालं. चौकशी संपली, निकाल लागला. संध्याकाळपर्यंत खोली खाली करायची.

ॲनीनं 'हो' म्हटलं. पण कोंबडा तेवढा वाचला होता. तो तरी राहावा म्हणून तिनं कोपऱ्यावरच्या पीसीओतून रोझमेरी लोपीसना फोन केला.

रोझमेरी म्हणजे निवृत्त पशुवैद्यकीय अधिकारी. गावात त्यांना डॉक्टरबाय म्हणत. जनावरांवर त्यांचा जीव होता. माणसांविषयी त्यांचं मत वाईट होतं आणि आयुष्यभराच्या नोकरीत ते बदलावं असं कुणी काही केलं नव्हतं. त्या रिक्षातून उतरल्या, गर्दीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सगळे फाटकाबाहेर. ॲनी एकटी थांबेल."

साठ जाणकार कुरकुरत बाहेर गेले.

"काल काय घातलंस खायला?"

"नेहमीचंच बाय, अंडी बंद झाली तरी. कोंडा नि कनी. सकाळी. मग मी मिस्साला गेली, तिथून बाजारात."

"परत आलीस तेव्हा?"

"त्या पान्याजवळच बसलेल्या, भांड्यातून चोच काढत नव्हत्या. दोन्ही भांडी कोरडी. भरली, ता परत कोरडी. मला वाटलं, ऊन." ॲनीनं मेलेल्या कोंबडीची पिसं सारखी केली. "हे कोनाला बोलली पन नाय मी. बोलायचं काय?"

"कोंबडा कुठे होता?"

"पडवीत, टोपलीखाली. मारकुटा आहे तो. त्याला मी हातानंच घालते."

रोझमेरींनी एक मेलेली कोंबडी पायाला धरून उलटी केली. चोचीतून पाण्याची धार लागली. दुसरी उचलली. तिचंही तेच.

खुराड्यातल्या पसरट भांड्याच्या तळाला कोंड्याचा थर चिकटला होता. ॲनीची मांजर तो चाटत बसली होती.

"ही कधीपासून इथे आहे?"

"काल दुपारधरून. हाकलली तरी येते. कोंड्याला कधी तोंड लावत नाय ती."

रोझमेरींनी बोट ओलं केलं, थरावरून फिरवलं आणि सरळ जिभेला लावलं. फाटकाबाहेर कुणीतरी किंचाळलं. त्या थुंकल्या.

"चूळ भरायला पाणी दे. आणि हंसाला बोलाव."

हंसा आली. डोळे सुजलेले, पण मान ताठ होती.

"उंदराचं औषध तुझं?"

"माझंच. पुडी फोडलेली पण नाही. बघा ना, कोणी बघतच नाही."

रोझमेरींनी पाहिली. सील शाबूत होतं. सबंध वाडीनं पुडी हातात फिरवली होती आणि एकालाही ती उलटून पाहावीशी वाटली नव्हती.

"मान पिळीन म्हणालीस?"

"बोलले. नाइट करून यायचं आणि हा कानाशी बोंबलतो. वैतागून बोलतो ना माणूस. पण मारायचाच असता तर त्यालाच मारला असता. कोंबड्यांनी माझं काय घोडं मारलं होतं?"

त्या सकाळी कुणीतरी बोललेलं हे पहिलं शहाणं वाक्य होतं.

"इथून कुठे जाशील?"

"नालासोपाऱ्याला, दिराकडे." तिनं बाही वर सरकवली. दंडावर जुन्या भाजल्याचा चट्टा होता. "तिथूनच पळून आले मी. बोलतात, आली तर यावेळी पाय मोडून ठेवू."

रोझमेरींनी चट्टा पाहिला. मग फाटक उघडून फेबियनला आत घेतलं. बाकीचे न बोलावता आत आले.

"ॲनीच्या कोंबड्या अंडी का देत नव्हत्या, परेरासाहेब?"

"प्रोटीन!" फेबियन खुलला. "मी तिला सगळ्यांदेखत सांगितलं होतं, सुकट घाल. क्रुसाच्या सणाआधी अंडी सुरू करून दाखवतो, शब्द आहे माझा. पण हिचा आपला कोंडा नि कणी."

"काल तुम्ही इथे आला होता?"

"मी? छे. परवा पाचूबंदरला गेलो होतो, घरासाठी खारी मासळी घेऊन आलो. काल दिवसभर घरी. विचारा कुणालाही."

"मग हे झालं कसं, तुमच्या मते?"

"सरळ आहे. हंसानं खाण्यात विष कालवलं. आणि पाणी किती प्यायल्या बिचाऱ्या! भांड्यातून चोच काढत नव्हत्या."

रोझमेरींनी खुराड्यातलं भांडं उचललं आणि त्याच्या नाकासमोर धरलं.

"चाटा."

"डॉक्टर, ते विष आहे!"

"मांजर कालपासून चाटतेय, ती ठणठणीत आहे. मी चाटलं, मीही आहे. चाटा."

फेबियन मागे सरकला. रोझमेरींनी भांडं प्लासिडपुढे केलं. कमिटीचा अध्यक्ष असल्यामुळे त्याला मागे सरकता येईना. त्यानं बोट लावलं, चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"खारट! नुसतं मीठ."

"मीठ," रोझमेरी म्हणाल्या. "आणि मासळी. नाहीतर मांजर कोंड्यापाशी बसली नसती. बिनमिठाची सुकट थोडी घातली तर कोंबडीला मानवते. खाऱ्या मासळीत मीठ चोळलेलं असतं. ते कुटून भरपूर घातलं की कोंबडीला अशी तहान लागते की ती पाणी पिऊन पिऊन मरते. उलटी धरली की चोचीतून धार लागते. कोंबडा वाचला, कारण त्याच्या टोपलीपर्यंत हे खाणं पोचलंच नाही. विष असतं तर मांजर आधी मेली असती. आता सांगा, ज्या बाईला कोंबड्याचा राग आहे, ती कोंबडा सोडून कोंबड्यांना मासळीची मेजवानी देईल?"

गर्दीतले दोघे-तिघे पुढे होऊन भांड्याचा वास घ्यायला लागले.

"हे मारण्यासाठी घातलेलं नव्हतं. अंडी यावीत म्हणून घातलं होतं. क्रुसाच्या सणाआधी अंडी दाखवायचा शब्द या वाडीत कुणी दिला होता?"

साठ माना फेबियनकडे वळल्या. मघाशी हंसाच्या खोलीकडे वळल्या होत्या, तितक्याच चटकन.

"हे तर्क झाले," फेबियन म्हणाला. "कुणीही घातलं असेल."

"कोंबड्या भांड्यातून चोच काढत नव्हत्या, हे ॲनीनं फक्त मला सांगितलं, तुम्ही फाटकाबाहेर असताना. दिवसभर घरी बसलेल्या माणसाला ते कसं दिसलं?"

फेबियननं भांड्याकडे पाहिलं. मग तो एकदम लहान आवाजात बोलायला लागला.

"शिबिरात वाळवलेली मासळी सांगितली होती. बाजारात सुकट धड नव्हती. मला वाटलं, मासळी म्हणजे मासळी. जरा जास्तच घातली, लवकर गुण यावा म्हणून. दुपारी कुंपणावरून बघायला आलो, तर त्या नुसत्या पाणी पीत होत्या."

"कोळणीला विचारलं असतंत तर तिनं उभ्या उभ्या सांगितलं असतं. पण तुम्ही उत्तरं देणारे, विचाराल कसे? तेही एक वेळ सोडा, माणूस चुकतो. पण दुपारी तुम्ही परत आलात. त्या कासावीस होताना पाहिल्यात. तेव्हा ते भांडं उचलून फेकलं असतंत, मला बोलावलं असतंत, तर दोन-चार तरी जगल्या असत्या. तुम्ही मुकाट घरी गेलात आणि आज सकाळी सर्वांच्या आधी एका एकट्या बाईकडे बोट दाखवलंत. का? रविवारी फाटकाशी उभं राहता यावं म्हणून." रोझमेरींचा आवाज चढला. "त्या कोंबड्यांना काहीही झालेलं नव्हतं. मे महिन्याचं ऊन आहे, दोघी-तिघी खुडूक असतील. पावसापर्यंत गप्प बसायचं होतं, आपोआप घातली असती अंडी!"

फेबियन खाली मान घालून उभा राहिला. गर्दी सरकून त्याच्यापासून लांब झाली, जणू इतकी वर्षं माना डोलवणारे दुसरेच कुणी होते. शेवटी प्लासिडनं घसा साफ केला. आता तो काही बरं बोलेल असं रोझमेरींना क्षणभर वाटलं.

"डॉक्टरबाय, मग कोंबड्याशिवाय कोंबडी अंडी घालते का नाही?"

रोझमेरींनी भांडं खाली ठेवलं.

"घालते. त्यातून पिल्लू निघत नाही, एवढंच. तुमच्यापैकी हंसाची माफी कोण मागणार आहे?"

कुणाला गुरं बांधायची आठवण झाली, कुणाला गॅसवरचं दूध आठवलं. प्लासिड 'सॉरी हां' असं काहीसं कुंपणाकडे बघून पुटपुटला. बघता बघता अंगण रिकामं झालं.

हंसाच्या दाराबाहेर तिचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं, शेजारी स्टोव्ह. ॲनीनं स्टोव्ह उचलला.

"चुकली गे मी. ठेव सगळं आत."

"तुम्ही पावसात महिनाभर आजारी होता, ॲनीबाय," हंसा म्हणाली. "कोंबड्या कोण सोडायचं, कोण कोंडायचं? ते बाहेरचे लोक, त्यांना काय माहीत. तुम्हाला माहीत होतं ना?"

हंसानं गाठोडं उचललं आणि खोलीत नेलं. दुसरीकडे जायला तिला जागाच नव्हती. तिनं आतून कडी लावली आणि ॲनी स्टोव्ह हातात धरून बाहेर उभी राहिली.