नेहेतेबाईंचा उपचार

रावेरच्या सरकारी विद्यालयाच्या फाटकाशी मुलं एकेक करून आरशात डोकावून आत जात होती. पाहणाऱ्याची हजेरी लागायची आणि त्याच क्षणी डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या तपासून आरसा तब्येतही सांगायचा. समाजवादी सरकारनं शिक्षण आणि औषधोपचार मोफत केले, तेव्हा दोन्ही खात्यांनी मिळून हे आरसे बसवले होते. हिरवा दिवा लागला की वर्गात जायचं, पिवळा लागला की शाळेमागच्या दवाखान्यात.

त्या दिवशी बारावीतल्या आर्वीला पिवळा दिवा लागला.

आर्वीची आई, मंगला नेहेते, याच शाळेत मराठी शिकवायच्या. निरोप मिळताच त्याही दवाखान्यात आल्या. डॉक्टर निलोफर तडवी त्यांची जुनी विद्यार्थिनी. बाईंना पाहून ती सवयीनं उठून उभी राहिली.

"बस गं. काय आहे ते सरळ सांग."

"आनुवंशिक स्मृतिक्षय," निलोफर म्हणाली. मग आर्वीकडे वळली. "घाबरू नकोस. त्रास सुरू व्हायला अजून खूप वर्षं आहेत. जनुकदुरुस्तीची एक सुई पुरते, विशी उलटायच्या आत घेतली की झालं. पण मेंदूतले धागे नव्यानं जुळेपर्यंत, साधारण वर्षभर, नवीन काही लक्षात राहत नाही."

"मग मेडिकलची प्रवेशपरीक्षा?"

"नंतर दे. आता वयाची अट नाही की फी नाही. मेडिकलला माझ्या वर्गात दोन मुलांची आई शिकत होती."

मैत्रिणी पुढे जातील, हे आर्वीच्या मनाला लागलं. तरी "घेते मी" म्हणून ती रक्त द्यायला शेजारच्या खोलीत गेली.

दार लागलं, तशी निलोफर खुर्ची ओढून बाईंजवळ बसली. "बाई, हा दोष आईकडून येतो, नाहीतर वडिलांकडून. आर्वीच्या बाबांची तपासणी मागेच झालीय. त्यांच्यात तो नाही."

बाईंना मागच्या आठवड्यातला तास आठवला. 'उंबरठा' हा साधा शब्द त्यांना सापडला नव्हता. मुलांनीच तो सांगितला होता.

"माझ्या आईला गाव भ्रमिष्ट म्हणायचं," त्या म्हणाल्या. "तिला कुणी तपासलंच नाही."

"तुमच्यावरही उपचार होईल. पण या वयात दुरुस्ती होताना नवीन वर्षभर राहत नाहीच, जुनंही काहीतरी पुसलं जातं. काय, ते आधी सांगता येत नाही. एका रुग्णाला त्याचं गाव आठवत होतं, बायको आठवत नव्हती."

"आणि सुई घेतलीच नाही तर?"

"काही वर्षं बरी जातील. मग हळूहळू सगळंच जाईल."

"सक्ती आहे का?"

"खात्यात तसा प्रस्ताव आला होता. संमतीशिवाय आम्ही सुई टोचणार नाही, असं डॉक्टरांनी कळवलं. तो मागे पडला."

बाई उठल्या. "विचार करते," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी केळीच्या बागांमधून घरी जाताना त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. आर्वी वाटेतच थांबली. म्हणाली, "मग दोघी एकदमच घेऊ. बाबांचे हाल होतील वर्षभर!"

बाईंना हसू आलं, पण टिकलं नाही. "आणि मी तुला 'कोण गं तू?' असं विचारलं तर?"

"तर सांगेन ना, मी आर्वी म्हणून."

"नवीन सांगितलेलं माझ्या डोक्यात राहणार नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच विचारीन. आणि आदल्या दिवशी काय झालं, ते तुझ्याही लक्षात नसेल. रोज तुला नव्यानं धक्का बसेल."

आर्वीनं आईचा हात धरला.

"आधी तू घे, आई. माझी सुई तुझ्यानंतर. विशीला अजून वेळ आहे."

"रोज सकाळी सांगावं लागेल, आर्वी. वर्षभर. आणि वर्ष संपल्यावर तू कोण ते माझ्या लक्षात राहील, पण माया परत येईलच असं नाही. तरी सांगशील?"