रुपचंदचा रिलीव्हर

रोज सकाळी सात वाजता शालिग्रामआबा चहाचा कप संगणकाच्या डावीकडे ठेवत आणि हजेरी पाहत. दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाल्यावर, कंट्रोल रूममधल्या आपल्यासह अकरा जणांसाठी त्यांनी कोडच्या एका तयार लायब्ररीच्या आधाराने निरोपांचे छोटे अ‍ॅप स्वतः बांधले होते. खाती उघडणे, थांबवणे, काढून टाकणे हे काम त्यांचेच. अ‍ॅप उघडणाऱ्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागे आणि पुढे जागा: 'घर', 'मळा'. आता अकरांतले दोघेच उरले होते, आबा आणि शिरपूरचा सुकदेव. पत्नी गेल्यापासून आबांशी दिवसभरात बोलणारे दुसरे कोणी नव्हते.

अकरांतला रुपचंद नुकताच गेला होता; त्याच्या तेराव्याला आबांनी त्याचे खाते काढून टाकले. दुसऱ्या सकाळी ते यादीत परत होते. हिरवा ठिपका. जागा: 'कंट्रोल रूम'. खाली एक ओळ: 'रिलीव्हर आला नाही.'

आबांनी कोड ओळन्‌ओळ तपासला. खात्यांच्या फाइलमध्ये रुपचंदचे नाव नव्हते. आणि ती कंट्रोल रूम तर वीजनिर्मितीच्या जुन्या संचासोबत कधीच मोडीत निघाली होती. तिथे आता वेड्या बाभळी होत्या.

त्यांनी सुकदेवला फोन लावला.

"मालेबी दिसी राह्यना तो," सुकदेव हसला. "मरीसनबी ड्युटी शे का त्याले? आबा, तुमनीच वाट देखी राह्यना व्हई. त्या दिन तुम्ही उनातच नहीत."

पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, चार्ज घेत नाही तोवर खुर्ची सोडायची नाही, हा कंट्रोल रूमचा नियम. त्या दिवशी पुढची पाळी आबांची होती; ते आलेच नाहीत, एका लग्नाच्या पंगतीत रमले आणि रुपचंद सोळा तास बसून राहिला. तेवढ्यात बोदवडला त्याचे वडील गेले. शेवटचे तोंड दिसले नाही. त्याने ते कधी बोलून दाखवले नाही.

दहा दिवस ती ओळ हलली नाही. अकराव्या दिवशी आबांनी लिहिले: 'रुपचंद, माझे चुकले. चार्ज घेतला. तू जा.'

ठिपका विझला. नाव गेले. आबांना हलके वाटले; मग खोली आणखी रिकामी वाटली.

दुसऱ्या सकाळी सातलाच सुकदेवचा फोन आला.

"आबा, तुम्ही दोन जागे दिसी राह्यनात. एक घर."

"आणि दुसरी?"

"कंट्रोल रूम."

या वेळी तो हसला नाही.

आबांनी स्वतःचे खाते काढून टाकले. पडदा कोरा झाला.

"आता?"

"घर गये."

"आणि दुसरी?"

"शे. आबा, तुम्ही काय लिखी राह्यनात?"

"काय दिसतेय? वाच."

सुकदेवने अडखळत वाचले, "'सुकदेव, तू तरी वेळेवर ये.'"

फोन स्पीकरवर होता. आबांचे दोन्ही हात मांडीवर होते.