तुलनेची बाई

देवगडच्या कड्यावरची ती प्रयोगशाळा इतकी टोकाला होती, की खिडकीत चहा सांडला तर खालच्या माशांची झोप उडे. तिथल्या काचेच्या टाकीसमोर डॉ. यशोधरा परुळेकर सकाळपासून उभ्या होत्या. टाकीतलं तपकिरी समुद्रशेवाळ तुकतुकीत, करवलीसारखं मिरवत डोलत होतं. आणि त्यात औषधाचा अंश शून्य. सलग सहावी तपासणी.

औषध म्हणजे 'गंजरोधक'. लोखंड गंजतं तसं शरीरही गंजतं. श्वासातल्या प्राणवायूतून मोकाट कण सुटतात आणि पेशींना चावत फिरतात. त्यांना पकडणारा पदार्थ या शेवाळात सापडला, आणि अकरा वर्षांपूर्वी माणसावरचा पहिला प्रयोग परुळेकरांच्या घरातच झाला. एकाने औषध घ्यायचं, दुसऱ्याने तुलनेसाठी कोरडं राहायचं. नवरा-बायको दोघेही शास्त्रज्ञ, चिठ्ठी टाकली. नाव निघालं निशिकांतरावांचं. निघणारच होतं. चिठ्ठ्या यशोधराबाईंनी लिहिल्या होत्या आणि दोन्हींवर तेच एक नाव होतं.

जुना गंजही उतरल्याने आता त्र्याहत्तराव्या वर्षी निशिकांतराव पंचेचाळिशीचे दिसत, दोन-दोन पायऱ्या चढत, आणि एकोणसत्तरच्या बाईंना बाजारातली मासेवाली सांगे, "आजये, पोरगो गुणी असा हां तुझो!" बाई हसत आणि सुरमई घेत.

"काकी, थंड पाणी दिलं, सावली दिली, खत दिलं. तरी हे औषध का करत नाही?" बाईंनी विचारलं.

तांडेलकाकींचा जन्म खडकावरचं शेवाळ कापण्यात गेला होता. ऐंशी वर्षांच्या काकींचं कातडं कातळासारखं होतं. "कशाक करतला? खडकार ओहोटीक उन्हात तळता, म्हणान जीव वाचवक औषद करता. हय तुमी तेका जावयासारख्या ठेवलास!"

"मग खडकावरचंच आणा की," निशिकांतराव म्हणाले.

"हाडतलंय खयसून? दोन बोटां ठेवन कापा, मी सांगी होतंय. तुमच्या माणसांनी मुळासकट खरवडल्यानी."

टाकीतले दोन झुपके बाहेर कातळावर ठेवून पाहिले. भरती येईपर्यंत ते पांढरे पडले. बोट लावलं तर भुगा.

"थोडं थोडं ऊन दाखवत नेलं, तर तीन वर्षांनी पुढच्या पिढ्या पुन्हा औषध करू लागतील," निशिकांतराव उत्साहाने म्हणाले. "साठा किती आहे?"

"चाळीस दिवसांचा." बाईंची नजर त्या भुग्यावरून त्यांच्या तुकतुकीत मनगटावर गेली. "निशी, हात पुढे कर. रक्त हवंय."

मोकाट कणांना आवरणारी विकरं शरीरही बनवतं. पण कण चावले तरच. निशिकांतरावांना अकरा वर्षं कोणी चावलंच नव्हतं. यंत्राने आकडा दाखवला, तो जवळजवळ शून्य. तुलनेसाठी बाईंनी आपलंही रक्त घातलं. ते ठणठणीत निघालं.

"म्हणजे मी टाकीतलं शेवाळ," ते म्हणाले.

"हो."

"डोस हळूहळू कमी केला तर?"

"शरीराला सवय व्हायला वर्षं लागतील. आपल्याकडे चाळीस दिवस आहेत. आणि शेवाळाला निदान पुढच्या पिढ्या तरी असतात."

 मग बाईंना राहवलं नाही. "त्या चिठ्ठ्या, निशी. दोन्हींवर तुझंच नाव लिहिलं होतं मी. तू जगावास म्हणून."

"माहीत आहे. त्याच दिवशी दुसरी चिठ्ठी कचऱ्यातून काढून पाहिली होती."

"मग बोलला का नाहीस?"

निशिकांतरावांनी टाकीच्या काचेत आपला चेहरा पाहिला. "तरुण राहायचं होतं गं."

एकेचाळिसाव्या दिवसापासून अकरा वर्षांत चुकवलेला सगळा गंज एकदम चढला, आणि वर व्याजासारखी आणखी वीसेक वर्षं. केस गेले, पाठ वाकली, हाताची कातडी ओल्या कागदासारखी सुटली. पन्नासाव्या दिवशी त्यांनी बाजार पाहायचा हट्ट धरला. बाईंनी त्यांना धरून, पावलापावलाला थांबत नेलं.

मासेवालीने पाटीवरून मान वर केली आणि कळवळली.

"आजये, बापाशीक असल्या उन्हात कशाक हाडलंस गो?"

बाई याही वेळी हसल्या. सुरमई मात्र लहान घेतली. एका माणसापुरती.