कोऱ्या खोलीबाहेरचं स्टूल

कडी काढलेली होती. हे मी हवालदाराला सांगितलं, साहेबाला सांगितलं, काळ्या कोटातल्या वकिलाला सांगितलं. एकानंही विश्वास ठेवला नाही. हवालदार तर म्हणाला, "मावशी, उघड्या दाराआड माणूस कोंडून मरतो होय?" मेला. माझ्या डोळ्यांदेखत मेला. आणि ज्या जिवाचं नाव या मरणापायी कागदावर चढवलं, त्या जिवानं त्या रात्री त्या इमारतीत पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं. तुम्ही पोरींनी रात्रीची भुताची गोष्ट मागितलीत ना? मग ही घ्या. दिवा मालवायचा तर मालवा. मला अंधाराचं भय नाही. दाराचं आहे.

तुमच्या वसतिगृहात यायच्या आधी मी एका व्यसनमुक्ती केंद्रात स्वयंपाकाला होते. टायरच्या दुकानामागं, जुन्या बिस्किटांच्या गोदामात. वर पोरांची झोपायची जागा, खाली ऑफिस, माझं स्वयंपाकघर आणि बोळाच्या टोकाला एक खोली. लोखंडी दार, बाहेरून कडी. आत गादी, पाण्याचा तांब्या, बादली. नवा माणूस आला की नशा अंगातून उतरेपर्यंत त्याला तिथं ठेवायचे. आत जाताना भरलेला, बाहेर येताना कोरा. म्हणून ती कोरी खोली.

चालवणाऱ्याला सगळे सर म्हणत. तो स्वतः एके काळचा गर्दुल्ला. आईच्या बांगड्या विकून ओढायचा, आणि हे छाती फुगवून सांगायचा. त्याला त्याच्या थोरल्या भावानं कोंडून सोडवलं होतं. किती टाहो फोडला तरी दार उघडलं नाही. हा जगला. तेव्हापासून त्याच्या डोक्यात पक्कं, की दार न उघडणं हेच औषध. मी उगाच वाईट बोलणार नाही, तिथून कितीतरी पोरं धड होऊन घरी गेली. पण सगळ्या कुलपांना एकच किल्ली लागत नाही, एवढं साधं त्याला कळलं नाही.

त्याची रीत ऐका. नव्या माणसाबरोबर घरचं एक माणूस ठेवून घ्यायचा आणि त्याला कोऱ्या खोलीबाहेर स्टुलावर बसवायचा. आतला रडणार, शिव्या देणार, मेलो म्हणणार. "ती नशा बोलते, तुमचा माणूस नाही बोलत," सर सांगायचा. आतून काहीही आलं तरी बाहेरच्यानं एकच उत्तर द्यायचं. खोटं बोलतोस. बस. दुसरा शब्द काढायचा नाही. दया आली की दार उघडतं, आणि दार उघडलं की पोरगं हातचं गेलं, असं त्याचं म्हणणं. बायकोकडून वदवून घ्यायचा, बापाकडून वदवून घ्यायचा. एकदा एका म्हाताऱ्या आजोबांना बसवलं, तर ते स्टुलावरच झोपले आणि झोपेत डबा घेऊन आलेल्या सुनेलाच "खोटं बोलतेस" म्हणाले. वरची पोरं आठवडाभर हसत होती.

हसा, हसा. पुढं हसायला काही नाही.

थंडीत एक बाई पोराला घेऊन आली. बाई घरी शिवणकाम करायची. पोरगा एका दवाखान्यात कंपाउंडर. रात्रपाळ्या करकरून झोप उडाली, म्हणून कपाटातली झोपेची गोळी खाल्ली. मग दोन. मग मूठभर. त्यानं चोरी केली ती दवाखान्याच्या कपाटातली, घरातलं काही विकलं नव्हतं, कुणावर हात उचलला नव्हता. आला तोही आपल्या पायांनी. मला म्हणाला, "मावशी, तिखट जरा हात राखून घाला हं, पोटात जळजळतं."

बाईनं पदरात बांधून गोळ्या आणल्या होत्या. म्हणाली, "सर, डॉक्टरांनी सांगितलंय, या एकदम तोडायच्या नाहीत. रोज थोड्या थोड्या कमी करायच्या. नाहीतर झटके येतात म्हणाले, जीवही जातो."

सर हसला. "ताई, विष काय चमच्याचमच्यानं सोडतात? त्या डॉक्टरांनीच लावलीय ना सवय? इथं सगळं एका घावात."

त्यानं पुरचुंडी घेतली आणि माझ्याच मोरीत सोडली. वरून बादलीभर पाणी. मी भांडी घासत होते. गोळ्यांचा पांढरा फेस मी स्वतः झाडूनं लोटला.

पहिली रात्र कशीबशी गेली. दुसऱ्या रात्री आतून आवाज आला, "आई, माझे हात थांबत नाहीत गं."

बाईनं सरकडं बघितलं. सरनं मान हलवली.

"खोटं बोलतोस," बाई म्हणाली.

"आई, तांब्या धरता येत नाही. पाणी पाज."

"खोटं बोलतोस."

"सरांना सांग, गोळी नको. दवाखान्यात न्या नुसतं."

"खोटं बोलतोस."

मी चहा घेऊन गेले होते. न राहवून म्हटलं, "सर, त्याची जीभ जड झालीये, ऐका तरी. दार उघडा."

"तू तुझ्या पातेल्याकडं बघ," सर म्हणाला.

किल्ल्या ज्याच्या कमरेला असायच्या त्या चावीदादाला म्हटलं, "अरे तू तरी." तो तिथंच सुटलेला, सरच्या उपकाराखालचा. खाली बघत म्हणाला, "मावशी, मीपण आत असंच म्हणत होतो. बघ, जगलोच ना."

रात्रभर चाललं. बाईचा आवाज फाटत गेला, पण शब्द तोच. पहाटे आत काहीतरी धडधड आपटलं. मग थांबलं. मग पोरगा अगदी लहान मुलासारखा म्हणाला, "आई, मला दिसत नाही. तू आहेस ना बाहेर?"

आणि पोरींनो, त्या बाईच्या जिभेला वळणच पडलं होतं. तिनं सरकडं बघितलंही नाही.

"खोटं बोलतोस."

मग शांत. सर उठला, आळस दिला, म्हणाला, "बघितलंत? जिरली. आता झोपेल."

उजाडल्यावर दार उघडलं. ते बाहेर उघडायचं. पोरगा आतून दाराला टेकून बसला होता, तो तसाच बाहेर, आईच्या पायांवर पडला. लाकूड झालेला. ती रडली नाही. वाकून त्याचे केस सारखे करत बसली.

आता सरची हुशारी बघा. गोळ्या तोडल्या म्हणून पोरगा गेला. आणि सरनं सगळीकडं सांगितलं, गोळ्या लपवून आणल्या होत्या, रात्री सगळ्या एकदम खाल्ल्या, म्हणून गेला. लोकांना पटलं. नशेबाज पोरगा, दुसरं काय करणार? शेजारीपाजारी म्हणाले, सुटली बिचारी आई. मी जिथं तिथं सांगत होते, गोळ्या मोरीत गेल्या, मी लोटल्या. मला विचारतो कोण?

आता ती रात्र.

शनिवार होता. थंडी सरत आलेली. सोमवारी सरकारी तपासणीची माणसं येणार होती, म्हणून सर बोळात येरझाऱ्या घालत चावीदादाला पाठ करून घेत होता. कोरी खोली रिकामी होती. धुऊन, फिनेल मारून, गादी भिंतीला उभी केलेली. सगळे दिवे चालू. दोघांनी चहा मागितला, म्हणून मी कप घेऊन गेले. एवढंच काम.

"ते विचारतील, पोरगा कशानं गेला," सर म्हणाला. "काय सांगशील?"

चावीदादा म्हणाला, "गोळ्या लपवून आणल्या होत्या."

"कुठं?"

"बुटात."

"शाबास. आम्ही रात्रभर त्याची काळजी घेत होतो, हेपण सांग. पाणी विचारत होतो..."

"खोटं बोलतोस."

दाराआडून आला आवाज. बाईचा. फाटलेला.

वर पोरं बोलत होती, ती गप्प झाली. त्यांनीही ऐकलं.

सर पांढरा पडला. मग चिडला. "कुणीतरी आत मोबाईल ठेवलाय. तिचा आवाज भरून ठेवलाय. ही त्या वरच्या पोरांची मस्ती." त्यानं स्वतः कडी काढली. हे मी बघितलं. कडी काढली आणि ती खाली लोंबत राहिली. तो आत गेला, गादी आडवी केली, बादली उलटी केली.

दार हळूहळू मिटलं.

वारा नव्हता.

"चावी, मस्करी पुरे," सर आतून म्हणाला.

"सर, मी हात नाही लावला."

"कडी काढ."

"काढलेलीच आहे, सर."

चावीदादानं दार ओढलं. मी कप खाली टाकला आणि मीही ओढलं. दोघांनी पाय भिंतीला लावून ओढलं. कडी आमच्या नाकासमोर मोकळी हलत होती. दार हललं नाही.

"इथं दिवा गेलाय," सर म्हणाला.

दिवा गेला नव्हता. दाराखालून उजेड दिसत होता.

"खोटं बोलतोस."

या वेळी आतून नाही. आमच्या मागून. आम्ही वळलो. बोळात आम्ही दोघंच. आणि ते स्टूल. रिकामं.

चावीदादानं दार सोडलं. कानांवर हात.

"मावशी..." सर म्हणाला. मला मावशी म्हणायची त्याची ती पहिलीच वेळ. "मावशी, पाणी दे. घसा बंद होतोय."

"खोटं बोलतोस."

"हात... माझे हात..."

"खोटं बोलतोस."

मी त्या स्टुलाकडं बघून हात जोडले. म्हटलं, बाई, पुरे. सोड.

आत तो रांगत दाराशी आल्याचं ऐकू आलं. नखं लोखंडावर. मग तो रडायला लागला. आणि बोलला. जे कुणापुढं बोलला नव्हता ते.

"मी टाकल्या. गोळ्या मी मोरीत टाकल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. पोरानं काही लपवलं नव्हतं. मी मारला त्याला..."

खरं होतं. शब्दन् शब्द खरा.

आवाज आला नाही. मला वाटलं, आता सुटलं. आता दार उघडेल. मी कडीला हात लावला...

"खोटं बोलतोस."

मग आत धडधड. मग थांबलं. मग... काही नाही.

दार आपोआप उघडलं. सर दाराला टेकून बसला होता. तो बाहेर पडला. स्टुलापाशी.

पोलीस आले. वरच्या एकूण एक पोरांनी जबाब दिला, बाईचा आवाज होता, त्याच बाईचा, ओळखतो आम्ही. जन्मभर त्या पोरांचं कुणी खरं मानलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांचं मानलं. नेमकं त्या दिवशी. चावीदादाला साहेबानं आतल्या खोलीत नेलं. आधी तो म्हणाला, बोळात कुणी नव्हतं, कडी काढलेली होती. साहेब म्हणाला, "मग तूच कोंडलास. गर्दुल्ला तू. तुझं कोण ऐकणार?" तासाभरानं तो बाहेर आला तेव्हा त्याचा ओठ सुजला होता आणि गोष्ट बदलली होती. बाई आली, बाईनं कडी लावली, मला ढकललं. एवढा दांडगा गडी, त्याला म्हणे तिनं ढकललं! मी त्याच्या अंगावर धावून गेले. म्हटलं, तुझ्या जिभेला किडे पडोत. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "मावशी, मला परत आत जायचं नाही." त्याला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

पोलिसांच्या आधी मी तिचं घर गाठलं. दोन खोल्या, दारात कापडांचे गठ्ठे. शेजारीण चौकटीतच भेटली. म्हटलं, "काल रात्री ही कुठं होती?"

"कुठं म्हणजे? घरात. पहाटेपर्यंत मशीन चालू होतं, माझ्या भिंतीला भिंत आहे, मला झोप नाही."

"बरं. मग ती स्वतःच सांगेल साहेबाला."

शेजारीण म्हणाली, "सांगेल कशी? पोराला स्मशानात पोचवून आली त्या दिवसापासून तिच्या तोंडून आवाज नाही. मोठ्या दवाखान्यात दाखवलं. म्हणाले, गळा ठणठणीत आहे. सगळं जागच्या जागी आहे. फक्त आवाज नाही."

मी आत गेले. ती मशीनवर होती. तिनं मला ओळखलं. तोंड उघडलं. ओठ हलले. नुसती वाफ. रिकाम्या तांब्यात फुंकावं तसं.

साहेब आलाच मागून. "काल रात्री तिथं होतीस?"

तिनं मान हलवली. नाही.

"तोंडानं बोल."

तिनं परत तोंड उघडलं.

"नाटकं," साहेब म्हणाला.

मी मध्ये पडले. म्हटलं, साहेब, हिला आवाजच नाही, ती कशी ओरडेल? कडी काढलेली होती, मी तिथं होते, मी बघितलं. शेजारणीनं मशीनचं सांगितलं. साहेबानं दोघींकडं बघितलं, हसला, आणि मला म्हणाला, "खोटं बोलतेस."

तिला गाडीत बसवलं. बोटात शिवायचं अंगुस्तान तसंच होतं, ते काढायचंही कुणाला सुचलं नाही.

पोरगा कुणामुळं गेला, ते कुठंच लिहिलेलं नाही. सर कुणामुळं गेला, ते लिहिलंय. मी स्वतः वाचलं. चौथी शिकलेय, जोडाक्षरं अडतात मला. पण साहेब ज्या नात्यानं तिला हाक मारत होता, गाडीत ढकलताना, पंचांपुढं, सगळ्यांपुढं बोट दाखवून, तेच कागदावर होतं, आणि त्यात जोडाक्षर नव्हतं. हीच ती, त्या पोराची आई.