आबाजींचा कुलर आणि चिंच-बोर

वाटी पाण्यानं काठोकाठ भरलेली. तरी चिंच आणि बोर तहानलेलेच!

हे दोघं बुटके शॅमेलिऑन. म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्यांचे छोटे भाऊबंद. अंगठ्याएवढे, आणि दिसायला हुबेहूब वाळकं पान. नागपूरच्या केतकीनं आठ दिवसांपूर्वी प्राण्यांच्या दत्तक-केंद्रातून आणले होते. आता दोघांचे डोळे खोल गेले होते. केंद्रातल्या ताईंनी फोनवर सरळच सांगितलं, "शनिवारपर्यंत सुधारले नाहीत, तर मी परत नेईन." आणि आज गुरुवार.

"पाणी उपलब्ध आहे," घरचा रोबो गोटू म्हणाला. "आर्द्रता (हवेतली पाण्याची वाफ) शंभर टक्के. पेटीला एकही फट नाही. रोज वाटी भरून झाली की मी स्वतः चिकटपट्टी लावतो."

काचेच्या पेटीत खाली ओली माती, वर वाळकी पानं, बारीक फांद्या. सगळं छान. पण तापमान एकतीस, आणि कोपऱ्यात पांढरी बुरशी.

"आफ्रिकेचे आहेत ना, म्हणून मला वाटलं, गरमच लागेल," केतकी म्हणाली. आवाज रडवेला.

"ते आफ्रिकेतल्या डोंगरावरच्या गार जंगलातले आहेत," गोटू म्हणाला.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

तेवढ्यात आबाजी आले. केतकीचे आजोबा. घरोघरी एसी येण्याआधी चाळीस वर्षं त्यांनी कुलर दुरुस्त केले होते. पेटी पाहून ते हसलेच.

"काय करून राहिली वं पोरी? कुलर लावला अन् खिडकी बंद केली?"

"कुलर? कुठंय?"

"ही ओली माती म्हणजे काय मग? बोट ओलं कर. फुंक मार."

केतकीनं फुंकलं. "गार लागलं!"

"हेच बाष्पीभवन (पाण्याची वाफ होणं). वाफ व्हायला उष्णता लागते. पाणी ती तुझ्या बोटातून घेऊन जातं. कुलरला वाळ्याच्या, म्हणजे सुगंधी गवताच्या, ताट्या लावून अन् भिजवून आम्ही अख्खं घर गार करायचो."

"मग पेटी का गार नाही?"

"खच्चून भरलेल्या बसमध्ये आणखी कोण चढणार? पेटीतली हवा वाफेनं भरली. नवी वाफ होत नाही, म्हणून गारवाही नाही. भरलेली हवा बाहेर काढ, कोरडी आत घे. म्हणून कुलर लावला की खिडकी उघडी ठेवायची. एसीवाल्यांना हे काय माहीत!"

गोटूचा दिवा लुकलुकला. "माझ्या नियमात 'बंद ठेवा' असं आहे."

"तो एसीचा नियम आहे बाप्पा!"

मग दुपारभर काम. वरची काच काढून बारीक जाळी. एका बाजूला, खालीही जाळी. गरम हवा हलकी, ती वरून जाणार, ताजी खालून येणार. बुरशी साफ केली. मातीवर, पानांवर पाणी फवारलं. तासाभरात तापमान पंचवीस!

पण दोघं अजून पीत नव्हते. पानाच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. गोटू फडकं घेऊन धावला. "डाग!"

"थांब!" केतकी ओरडली.

बोरचा एक डोळा गर्रकन फिरला. थेंबाकडे. तो इंच-इंच सरकला, तोंड उघडलं, आणि थेंब गट्ट.

"आठ दिवस मी रोज थेंब पुसत होतो," गोटू हळूच म्हणाला.

"आणि मी वाटी भरत होते," केतकी म्हणाली. "ह्यांच्या जंगलात कोण वाटी ठेवणार? चकाकणारा थेंब दिसला, तरच ह्यांना ते पाणी वाटतं."

शनिवारी ताई आल्या. भिंग लावून डोळे बघितले. टपोरे! "राहू देत इथंच," म्हणाल्या. जाताना जाळीचा फोटोही काढला.

त्या गेल्यावर केतकीनं घरातला एसी बंद केला. "आबाजी, गच्चीवरचा तुमचा कुलर चालू होईल?"

"नव्या ताट्या लागतील. अन् पाणी भरायला तू."

संध्याकाळी कुलर सुरू झाला. गोटू ओरडला, "खिडकी उघडी आहे!"

"राहू दे रे," केतकी म्हणाली. "घर गार होतंय."