पट्टी थरथरली नाही

इचलकरंजीच्या त्या समुपदेशन वर्गात दर गुरुवारी आठ नवरे बसत. सगळे कोर्टाने पाठवलेले, सगळ्यांनी बायकोवर हात उचललेला. प्रत्येकाच्या मनगटावर रागपट्टी असे. नाडी आणि घामावरून ती राग ओळखायची आणि तो डोक्यात जाण्याच्या दोन मिनिटं आधी थरथरायची.

वर्गातलं आपलं ध्येय मात्र ज्याने त्याने ठरवायचं. ‘बायकोने उलट बोलू नये’ असली ध्येयं समुपदेशक मुजावर मॅडम हसून परत करत. सुदाम कोळेकर यंत्रमाग दुरुस्त करणारा जॉबर. त्याचं ध्येय सरळ होतं: पट्टी थरथरली की बाहेर पडायचं आणि चौकापर्यंत चालून यायचं. तीन महिन्यांत तो कारखान्यातून बावीस वेळा चालून आला. स्वारी खूश होती. माहेरी राहणारी त्याची बायको शैला परत यायचं की नाही, हे याच महिन्यात ठरवणार होती.

रविवारी तो तिला भेटायला गेला. “अजून माझं नक्की नाही,” ती म्हणाली. सुदामने तिचा दंड आवळला, वळ उठेपर्यंत. पट्टी गप्प राहिली.

गुरुवारी त्याने पट्टी मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि काय घडलं ते सांगितलं.

“बिघडली असणार असं धरून चाललो, मॅडम. जॉबरची खोड. उघडून तीन दिवस तपासली.”

“मग?”

“ठणठणीत आहे, तिच्यातल्या नोंदीही बरोबर आहेत. शेठ बोलला की माझी नाडी शंभरावर जाते. त्याच्यावर मी कधी हात उचलला नाही. शैलाला धरलं तेव्हा बहात्तर होती.”

राग आला की भान राहत नाही, असं तो इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आला होता, आणि त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता. मॅडमना त्याची कणव आली.

“शैलाशी मी आजच बोलते. भेटी सध्या बंद,” त्या म्हणाल्या. “आणि तुमचं ध्येय?”

सुदामने बराच वेळ घेऊन लिहिलं: ‘मला राग आवरत नव्हता हे खोटं होतं, असं शैलाला कळवणार.’

“हे कळल्यावर ती कशाला येईल, मॅडम?” त्याने विचारलं.

मॅडमनी कागद दोनदा वाचला.

“ती येणारच नसेल, तरी कळवाल?”