आज काय खाल्लं?

हे सांगोवांगीचं नाही. माझ्या कानांनी ऐकलंय, आणि कान अजून शाबूत आहेत.

रात्रही नव्हती. भर दुपार होती. सन त्र्याहत्तरचा उन्हाळा. खर्ड्याजवळ दुष्काळी कामावर मी, आई आणि गावच्या बाया खडी फोडत होतो.

माझा थोरला भाऊ गोरक्षनाथ मुंबईला टीव्हीचा बातमीदार होता. आमच्याकडं टीव्ही कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. पण दादा कॅमेरावाल्याला घेऊन यायचा, खडीच्या ढिगावर मांडी घालून बसायचा आणि बायांचं सगळं ऐकून घ्यायचा. म्हणून त्याच्यावर साऱ्यांचा जीव.

माईक पुढं धरला की आधी एकच विचारायचा.

"आज काय खाल्लं?"

अहो, ते नुसतं आवाज तपासायला. त्यानंच मला हसत सांगितलेलं. पण बायांना ते खरंच वाटायचं. असं पुसणारं तेव्हा दुसरं होतं तरी कोण?

एके दिवशी आमच्यातली साळूबाई म्हणाली, "पानी."

दादानं माईक खाली ठेवला. आईनं पहाटे त्याला बांधून दिलेल्या भाकरी सोडल्या आणि बायांत वाटून टाकल्या.

"आन् तू रं?" आई म्हणाली.

"नगरला जेवतो की."

नगर आलंच नाही. वाटेत जीप उलटली.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. चुलत्यांनी माझं लग्न लावायचं कबूल केलं. आईला अंतर देणार नाही म्हणाले...

कावळा फिरकला नाही. शेवटी दर्भाचा केला.

आईनं अन्न टाकलं. तेराव्यानंतर आम्ही पुन्हा खडीवर गेलो, पोट कुणाला सुटलंय. तिची नुसती हाडं राहिली होती. दादा गेला, आता ही पण जाणार, हे मला दिसत होतं.

एका दुपारी बाया जेवायला बसल्या. आईनं भाकरी बाजूला सारली. हातोडे थांबलेले. वारा नाही...

मागं कट् असं वाजलं. दादाचं आवाज टिपायचं मशीन सुरू व्हायचं तसं.

"आज काय खाल्लं?"

त्याचाच आवाज...

मागं ढिगाशिवाय काही नव्हतं. साळूबाईच्या हातातला तांब्या निसटला.

आई घाबरली नाही. पोटच्या पोराला कोण घाबरतं?

"कायबी न्हाई रं बाळा," ती म्हणाली. "घास उतरंना."

"मग खा की गं," मी रडत म्हणाले. "दादा पुसतोय."

तिनं खाल्लं.

मग रोज दुपारी तो आवाज यायचा. त्याला सांगता यावं म्हणून आई रोज खायची. तिच्यात पुन्हा जीव आला.

आणि एक दिवस तिनं उलट विचारलं.

"आन् तू जेवला का रं?"

भाकरी तिनं हातातच धरली...

मग अगदी जवळून, दमलेला...

"न्हाई, आई."

आई उठली. हातातली अख्खी भाकरी ढिगावर ठेवली.

त्या उन्हाळ्यात पाखरू दिसत नव्हतं. पण कावळा आला. एकच. तुकडा तोडून नगरच्या वाटेनं उडून गेला.

दुसऱ्या दिवशी आवाज आला नाही. त्यानंतरही नाही.

आई पुढं खूप वर्षं जगली. पण दुपारी पहिला घास हातात धरून थांबायची. एकदाच बोलली.

"पुष्पे, म्या त्याला जेवू घातलं नसतं, तर पुसत ऱ्हायला असता गं."

मी ताट पुढं सरकवलं.

आता तीही नाही. माझ्या घरी दिवसभर टीव्ही चालू असतो. दुपारी जेवायला बसताना मात्र मी तो बंद करते. नातवंडं चिडतात. चिडू देत.

परवा टीव्ही बंद केला, आणि मागं कट् असं वाजलं...

मी वळले नाही. कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. भाकरी, पिठलं, वर ताक.

पण मी उलट काही विचारलं नाही.

विचारणारही नाही.